रुपेरी देवदूत बिघडला

रविवार, १३ जानेवारी

माझी खुर्ची हलवली. आमच्या कुस्तीच्या अरेनावर पत्र्याचं छप्पर होतं तेव्हापासून मी पहिल्या रांगेत, कोपऱ्याच्या खांबाजवळ बसते. आज गेले तर तिथे लाकडी फळ्या ठोकून वाट केलेली. म्हणे कंपनीचा नवा पैलवान त्या वाटेवरून धुरातून चालत येणार. आणि उबाल्दा रेन्तेरिया कुठे बसणार? दुसऱ्या रांगेत, एका रुंद टोपीवाल्याच्या मागे. टोपी काढ म्हटलं तर म्हणतो, डोकं गार पडतं. म्हटलं, आत काही असेल तर पडेल ना गार.

हे सांगून झालं, आता नमस्कार. ही वही दवाखान्यातल्या नर्सबाईंनी साखरेचे आकडे लिहायला दिली आहे. साखर वाढली की मला जिभेवरच कळतं, त्याला वही कशाला. म्हणून हिच्यात मी दुसरं लिहिणार. शाळा माझी दुसरीपर्यंत, पुढे कापूस वेचायला गेले. अक्षर वेडंवाकडं आहे, पण वाचायला कोण बसलंय.

नव्या पैलवानाचं नाव रुपेरी देवदूत. रुपेरी मुखवटा, रुपेरी विजार आणि पाठीवर हे एवढे पंख. आमच्याकडे पैलवान दोन तऱ्हेचे. तेक्निको म्हणजे नियमाने लढणारा, लेकरांना कडेवर घेऊन फोटो काढणारा. रूदो म्हणजे पंचाची पाठ वळली की डोळ्यांत बोटं घालणारा. हा तेक्निको आहे हे सांगायला नको. रिंगमध्ये चढताना त्याचे पंख दोरात अडकले. दोघांनी ओढून सोडवला. मग तो चारी दिशांना हात जोडून उभा राहिला, चर्चमध्ये मेणबत्त्या लावणाऱ्या पोरासारखा.

मी ओरडले, "अरे कबुतरा, अंडं घाल आणि जा."

वरच्या बाकड्यांवरून लोकांनी ते उचललं. तीन डाव संपेपर्यंत सगळी अरेना घुटर्रघूं करत होती.

सोमवार, १४ जानेवारी

मागच्या खोलीतला भाडेकरू अबुंदिओ आज मान वाकडी करून नाश्त्याला आला. दुरांगोच्या डोंगरातला पोरगा, आधी लाकडाच्या गिरणीत होता. इथे बर्फाच्या कारखान्यात लागलाय असं माझी नात नेरेइदा सांगते, तिनेच त्याला खोली बघून दिली. नेरेइदा अरेनाच्या तिकीट-खिडकीवर बसते, तिला गावभरची माणसं माहीत. पोरगा शांत आहे, खातो दोघांचं. बिचाऱ्याला दर रविवारी पाळी असते, त्यामुळे कुस्ती कधी बघायला मिळत नाही. म्हणून सोमवारी मी त्याला सगळं सांगते.

मी त्याच्या मानेला आर्निकाचं मलम चोळलं आणि कबुतराची गोष्ट सांगितली.

"इतका वाईट होता का हो, दोन्या उबाल्दा?" त्याने विचारलं. दोन्या म्हणजे बाईसाहेब, तो मला असाच मानाने हाक मारतो.

"वाईट? वाईट असता तर बघवलं असतं. पचपचीत होता. पडतो कसा माहितीये? बटाट्याचं पोतं उतरवावं तसा. आधी खाली बघतो, जागा स्वच्छ आहे की नाही, मग पडतो."

"आजी, मलम पुरे," नेरेइदा म्हणाली. "त्याला खाऊ दे."

"खाऊ देतेच आहे. मी काय त्याच्या तोंडाला मलम लावतेय?"

पोरगा मात्र तिसरी गोर्दिता, आमची सारण भरलेली मक्याची भाकरी, तशीच टाकून उठला. मान फारच दुखत असणार.

रविवार, २७ जानेवारी

आज कंपनीचे मालक दॉन एवेलिओ स्वतः माझ्यासाठी सोड्याची बाटली घेऊन आले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर टेकले. माणूस वाईट नाही, पण केसांना इतकं तेल लावतो की खुर्चीच्या पाठीची काळजी वाटते.

"दोन्या उबाल्दा, पोराला जरा सांभाळून घ्या. तुम्ही ओरडता आणि मागचे सगळे तेच ओरडतात. कंपनीने त्याच्यावर फार भरवसा टाकलाय. राजधानीत असेच घडवतात मोठे पैलवान. नाव द्यायचं, मुखवटा द्यायचा, टीव्हीवर दाखवायचं, तोल्वानेरासारख्या मुरलेल्या गड्याचा जोडीदार करायचा. सहा महिन्यांत पोस्टरवर सगळ्यात वर."

तोल्वानेरा म्हणजे आमच्याकडे मार्चमध्ये उठतं ते धुळीचं वादळ, आणि त्याच नावाचा आमचा म्हातारा लाडका पैलवान. पोट सुटलंय, गुडघा वाजतो, पण तो शिरला की बायका अजून उभ्या राहतात. मीसुद्धा.

मी म्हटलं, "नाव दिलंत, पंख दिलेत, धूर दिलात, माझी खुर्चीसुद्धा दिलीत. आता त्याला चालायला कोण शिकवणार?"

"शिकेल हो हळूहळू."

"शिकेपर्यंत तुमच्या खुर्च्यांवर कोण बसणार, तुमचं तेल?"

ते हसले, पण मला दिसलं की मागची बाकडी रिकामी होती आणि तेही तिकडेच बघत होते. सोडा मी प्यायले. त्याचा राग कशाला.

सोमवार, ४ फेब्रुवारी

आज अबुंदिओनेच विषय काढला. "दोन्या, समजा त्या देवदूताने तुम्हाला येऊन विचारलं, तर तुम्ही काय सांगाल?"

"तो कशाला विचारतोय? या कंपनीच्या पोरांना वाटतं आम्ही खुर्चीवर फक्त शेंगा खायला बसतो."

"समजा हो."

मग मी चुलीवरचा तवा उतरवला आणि दाखवलं. म्हटलं, मार बसला की आधी मार खायचा, मग लोकांकडे बघायचं. तो आधीच बघतो, कोण टाळ्या वाजवतंय ते. आणि उठताना घाई करायची नाही. लोकांना काळजी वाटायला वेळ तर दे. अबुंदिओला म्हटलं, चल, तू पड. तो माठाजवळ पडला आणि बघते तर काय, छान पडला. म्हटलं, आता उठ, पण असा उठ की मला वाटलं पाहिजे, हा आता उठत नाही. उठला. पुन्हा पड म्हटलं. आम्ही त्या खेळात दूध उतू घालवलं.

नेरेइदा आली आणि दारातच थांबली. "हे काय चाललंय?"

"याला कुस्तीची आवड आहे," मी म्हटलं. "सिनेमे बघण्यापेक्षा बरं."

ती तोंडावर ॲप्रन धरून अंगणात पळाली. या पोरीला कशाचं हसू येईल सांगता येत नाही.

रविवार, १७ फेब्रुवारी

देवदूत आज बरा पडला. कुणीतरी त्याला चार गोष्टी सांगितलेल्या दिसतात. मी कबुतर म्हणाले, पण मनापासून नाही.

तरी अजून काहीतरी चुकतंय. एक गंमत बघितली. दुसऱ्या डावात समोरचा गडी खाली पडलेला होता आणि देवदूताची लाथ चुकून त्याच्या फासळीत बसली. अख्खी अरेना "ओऽ" करून पुढे झुकली. माझ्या पुढच्या टोपीवाल्यानेसुद्धा टोपी काढली. आणि देवदूताचं अंग एकदम सैल झालं, पहिल्यांदाच, जसं घट्ट जोडे काढल्यावर माणसाचं होतं. मग त्याला आठवलं की आपण देवदूत आहोत. त्याने खाली वाकून त्या गड्याची माफी मागितली. लोक इतके चिडले की कुणीतरी अर्धं लिंबू फेकलं.

लोक म्हणतात, कुस्तीत सगळं आधीच ठरलेलं असतं. असू दे की. लग्नाची तारीखही ठरलेली असते, म्हणून काय नवरीची आई रडायची थांबते?

गुरुवार, २१ फेब्रुवारी

नेरेइदा अरेनातून तोंड पाडून आली. दॉन एवेलिओंनी ठरवलं म्हणे. ईस्टरपर्यंत बाकडी भरली नाहीत, तर त्या रविवारी देवदूताचा मुखवटा पणाला लावायचा आणि उतरवायचा. मग त्याने घरी जावं.

मला देवदूताबद्दल प्रेम नाही, पण हे ऐकून मी ताट बाजूला सारलं. मुखवटा हरला की पैलवानाला रिंगच्या मध्यावर उभं राहून स्वतःचं खरं नाव, गाव सांगावं लागतं. दुसऱ्या दिवशी पेपरात चेहरा छापतात. पुन्हा तो मुखवटा जन्मात घालता येत नाही. मोठ्या पैलवानाचा गेला तर लोक रडतात, त्याला निदान तेवढं मिळतं. याचा गेला तर लोक म्हणतील, बरं, मग पुढची कुस्ती कुणाची?

अबुंदिओ समोरच बसला होता. तोही जेवला नाही. म्हणाला, "माझंही काम ईस्टरनंतर राहील असं वाटत नाही, दोन्या. परत गिरणीत जावं लागेल."

मी म्हटलं, "वेडा आहेस का? आपल्या तोर्रेओनमध्ये उन्हाळ्यात बर्फ लागणार नाही, असं होईल का कधी?"

नेरेइदाने टेबलाखालून मला लाथ मारली. बहुतेक त्याला मारायची होती.

सोमवार, २५ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला आणि सकाळी अबुंदिओला सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं.

"तो पोरगा तेक्निको नाहीच. त्याला चांगुलपणाची लाज वाटते. हात जोडतो तेव्हा ते हात उसने आणल्यासारखे दिसतात. तो रूदो आहे, अस्सल. कंपनीने माकडाला घोड्याचं खोगीर घातलंय आणि वर विचारतात, हा धावत का नाही."

अबुंदिओ बराच वेळ कॉफी ढवळत बसला. कॉफीत साखर नव्हती.

"पण माझी आई टीव्हीवर बघते त्याला," तो म्हणाला. "म्हणजे त्याची आईही बघत असेल. तिने सगळ्या गल्लीला सांगितलं असेल, हा देवदूत बघा. उद्या तो रूदो झाला, तर लोक तिच्यासमोर त्याला शिव्या देतील."

"देतीलच. त्यासाठीच तर येतात. हे बघ पोरा. गिरणीत मुकादम बोलतो, त्याला उलट बोलता येतं का? घरी सासू बोलते. बसमध्ये कंडक्टर बोलतो. आठवडाभर माणूस गिळतो आणि रविवारी येऊन रूदोच्या अंगावर ओकतो. मग सोमवारी घरात बायकोशी नीट वागतो. रूदो ते सगळं अंगावर घेतो. त्याच्या आईला म्हणावं, हे देवदूताचंच काम आहे, फक्त पंखांशिवाय."

"तुम्ही सांगाल का तिला असं?"

"मी कुठे भेटायला बसलेय तिला? तू दुसरी गोर्दिता घे."

तो चार खाऊन गेला.

रविवार, १० मार्च

जेवण नंतर, आधी हे लिहिते.

तोल्वानेरा आणि देवदूत एका बाजूला. तोल्वानेराचा गुडघा गेला, तो कोपऱ्यापर्यंत सरपटत आला आणि देवदूताकडे हात पसरला, आता तू ये म्हणून. देवदूत शिरला. आणि त्या म्हाताऱ्याचा पसरलेला हात बघत नुसता उभा राहिला. इतका वेळ उभा राहिला की अरेनात पोरं रडायची थांबली. मग त्याने पाठीवरचे पंख उपटले, एक गुडघ्यावर मोडला, दुसरा मोडला, आणि तोल्वानेराच्या कानाखाली अशी ओढली की माझेच दात वाजले.

मी खुर्चीवर उभी राहिले. बोलले ते इथे लिहीत नाही, पुढे कधी पाद्रीबाबांच्या हातात ही वही पडली तर.

तो ऐकत होता. रिंगमधून उतरला, पहिली रांग ओलांडली, टोपीवाल्याला एका हाताने बाजूला केलं, माझ्यासमोर आला आणि माझ्या हातातली गोर्दिता काढून घेतली. एक घास खाल्ला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हातारे, मीठ कुठाय?" आणि उरलेली खांद्यावरून मागे फेकली.

मी पर्स फिरवली. आत किल्ल्या आणि आर्निकाची डबी होती. डाव्या डोळ्यावर बसली. अख्खी अरेना उभी होती, बाकडी हलत होती, बायका "उबाल्दा, उबाल्दा" करत होत्या. पळताना त्याने मागे वळून बघितलं आणि बोटाने गळा कापल्याची खूण केली. मला. या वयात.

मीठ खरंच कमी होतं. नर्सबाईंनी सांगितल्यापासून मी चिमूटच टाकते. पण हे त्याला कुणी सांगायची काय गरज होती?

कितीतरी वर्षांत इतकी शांत झोप लागेल असं वाटलं नव्हतं. लागणार आहे.

सोमवार, ११ मार्च

अबुंदिओचा डावा डोळा सुजून बंद. कारखान्यात बर्फाची लादी लागली म्हणे. मी म्हटलं, एवढ्या बर्फात काम करतोस, जरा डोळ्यावर लावायचं सुचलं नाही? आत जाऊन गार पाण्याची पट्टी आणली.

कालची हकीकत सांगितली तर एका डोळ्याने रडेपर्यंत हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "दोन्या, तुम्हाला लागलं तर नाही ना? म्हणजे, त्याने हात लावला त्यात?"

"त्याची काय हिंमत."

"नाही, तेच म्हणतो. त्याची काय हिंमत."

बुधवार, २० मार्च

येत्या रविवारची तिकिटं संपली. नेरेइदा म्हणते, खिडकी बंद केली तरी लोक काचेवर टकटक करतात. अरेनाच्या पोस्टरवर देवदूत सगळ्यात वर, तोल्वानेरापेक्षाही मोठा. ईस्टरला दोघांची कुस्ती लागलीय, एकाचा मुखवटा पणाला, दुसऱ्याचे केस. देवदूत हरला तर मुखवटा उतरणार, तोल्वानेरा हरला तर तिथेच डोकं भादरणार.

दॉन एवेलिओ घरी आले होते. फळ्यांची वाट काढून टाकली, माझी खुर्ची जागेवर ठेवली म्हणाले. धूरही बंद. "दोन्या उबाल्दा, आम्ही त्याला घडवायला निघालो होतो. घडवलंत तुम्ही."

"मी घडवला नाही, बडवला," मी सांगितलं. "आणि ईस्टरला पुन्हा बडवणार आहे. जड पर्स आणते."

"अवश्य," ते म्हणाले, आणि माझा हात हातात घेऊन दाबला. तेल लागलं.

ईस्टरचा रविवार, ३१ मार्च

अबुंदिओची आई डोंगरातून आली आहे, लेओकादिया नावाची. लहानखुरी बाई, कपड्यांना धुराचा वास. मुलाला पाळी होती म्हणून तिला मीच अरेनात नेलं, शेजारी बसवलं.

बाईला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही. देवदूत आला, सगळे शिव्या देतायत, आणि ही माळ ओढत पुटपुटतेय. तोल्वानेराने त्याला दोरांवरून खाली फेकला तर ही माझा दंड धरून बसली. अजून वळ आहे.

"बाई," मी म्हटलं, "रूदोसाठी कुणी रडत नाही."

"कुणाचा तरी मुलगा असेल ना."

"असेल. म्हणून तर त्याला आपल्या शिव्या लागतात. गप्प बसलात तर तो मुखवटा घालवून बसेल. चांगलं बोलून याला बळ येत नाही. द्या एक."

"मला येत नाही."

"घरी पोरावर ओरडत नाही कधी? तसंच ओरडा."

तिसरा डाव होता. पंच मोजत होता, देवदूताचे खांदे जमिनीला, एक झालं, दोन झालं. लेओकादिया खुर्चीवर चढली आणि असल्या आवाजात ओरडली की शेळ्या डोंगरावरून खाली याव्यात, "उठ रे आळशा, सूर्य डोक्यावर आला, आंघोळ तरी केलीस का?"

तो उठला. विचार न करता, एकदम, डोळे चोळायला हात वर नेत, जसा कुठलाही मुलगा उठेल. तोल्वानेरा त्याच्या अंगावरून उडाला. अरेना हसली आणि मग गर्जली. पुढे देवदूताने पंचाची पाठ वळवून जे केलं ते सभ्य बाईने लिहायचं नाही, पण तोल्वानेरा चीत झाला.

न्हावी आला. म्हाताऱ्याचे केस उतरत होते आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी पहिल्या रांगेत होते म्हणून मला दिसलं. देवदूत त्याची टर उडवायला जवळ वाकला, तेव्हा तोल्वानेराने कात्रीच्या आडून त्याचा कोपर दाबला, हळूच, बापाने दाबावा तसा. कुणाला सांगितलं नाही. तोल्वानेराला आवडलं नसतं.

लेओकादिया मात्र माळ पिशवीत टाकून म्हणाली, "दोन्या उबाल्दा, पुन्हा कधी आहे हो?"

मंगळवार, २ एप्रिल

देवदूताला राजधानीतल्या मोठ्या अरेनात बोलावलंय. आणि योगायोग बघ, अबुंदिओच्या कारखान्यानेही त्याला राजधानीत पाठवायचं ठरवलं. मी म्हटलं, बरं झालं, रविवारची पाळी नसेल तर जाऊन बघ त्याला एकदा, आणि माझ्याकडून एक सणसणीत शिवी घाल. तो म्हणाला घालतो. मग उगाचच वाकून माझ्या हाताचं चुंबन घेतलं. खोली रिकामी होणार, मला दुसरा भाडेकरू शोधावा लागेल. असा खाणारा नको.

दुपारी एक पेपरवाला दारात उभा. म्हणे, देवदूत याच गल्लीत, बहुतेक याच घरात राहतो अशी खबर आहे, मुखवट्याखाली कोण ते सांगा. मी म्हटलं, बाबा, मी इतकी वर्षं रिंगपासून हाताभरावर बसते, माझ्या घरात पैलवान असता तर मला कळला नसता? आणि कळला असता तरी तुला सांगितलं असतं असं वाटतं का? मुखवट्याखाली कोण हे विचारणाऱ्यालाच तोंडावर पिशवी घालून फिरवलं पाहिजे.

तो उद्या सकाळी पुन्हा येणार आहे, फोटोवाल्याला घेऊन. मला चुलीपुढून उठायला वेळ नाही, आणि नेरेइदा हसत सुटते, तिचा उपयोग नाही. लेओकादियाबाई पाहुण्या आहेत. म्हणून सगळ्यांना जेवतानाच बजावून ठेवलं. दार वाजलं की अबुंदिओने जायचं. देवदूत कोण, कुठला, या घरात आहे की नाही, जे काय असेल ते उत्तर त्यानेच द्यायचं, दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही.